झाकरोच्या शेजारची खिडकी

तेलावीहून लागोदेखीला जायचं असेल आणि सकाळी आठची गाडी पकडायची असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मागे सतरा जागा आहेत, कुठंही बसा. ड्रायव्हरच्या शेजारची, खिडकीजवळची अठरावी जागा रिकामी दिसली तरी तिच्या वाटेला जाऊ नका. तिथं कुणी बसत नाही. दिवस भरत आलेल्या एका बाईनं ती मागून पाहिली, तर तिच्यासाठी मागे दोन माणसं उठवली गेली. पाद्रीबाबांनी मागितली, तर त्यांना हात जोडून मागे पाठवलं, आणि त्यांनी खाली उतरेपर्यंत तोंड फुगवून ठेवलं.

लोकांनी याची कारणं शोधून ठेवली आहेत. कुणी म्हणतं, झाकरोची त्स्नोरीत एक बाई होती, ती परत येईल म्हणून त्यानं जागा राखली आहे. कुणी म्हणतं, सीटची स्प्रिंग तुटली आहे आणि तो कंजूष आहे. एकीनं तर तिथं कुणीतरी बसलेलं आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ही सगळी कारणं लोक माझ्याच खुर्चीत बसून मलाच सांगतात. मी शिओ, बसस्टँडसमोरचा न्हावी. चव्वेचाळीस वर्षं या गावातली प्रत्येक हनुवटी माझ्या हाताखालून गेली आहे, आणि वस्तरा गळ्याशी असताना माणूस सहसा खोटं बोलत नाही. मी ऐकतो, मान डोलावतो, आणि साबण जरा नाकात जाऊ देतो.

खरं कारण मला ठाऊक आहे. ठाऊक असायलाच हवं. त्यात माझा हात आहे.

झाकरो हा माणूस बघायला काही विशेष नाही. मान आखूड, भुवया जाड, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. पण एकतीस वर्षं त्यानं या रस्त्यावर गाडी चालवली होती, आणि ती नुसती माणसांची ने-आण नव्हती. औषधं, चीजचे गोळे, रुसवे काढायच्या चिठ्ठ्या, पोत्यातलं जिवंत डुक्कर, सगळं त्याच्या गाडीतून जायचं. गुर्जानीच्या एका म्हातारीची कवळी दुरुस्तीला दिली होती आणि दंतवैद्य आज या, उद्या या करत होता. झाकरोनं ती तीन दिवस खिशात घालून फेऱ्या मारल्या, आणि तेवढे तीन दिवस म्हातारीला सूपही पोचवलं. आता अशा माणसाच्या ओळखी किती असतील याचा हिशोब तुम्हीच करा. त्या रस्त्यावर असं फाटक नव्हतं जिथं कुणी ‘झाकरो, उतर, एक पेला घेऊन जा’ म्हटलं नसेल. तो म्हणायचा, गाडीत माणसं आहेत, पुढच्या वेळी. एकतीस वर्षांचे पुढच्या वेळचे पेले साठले होते त्याच्या नावावर.

त्याची बायको नानुली. लागोदेखीकडच्या एका लहान गावची, शांत, हसली तर एकाच गालात हसणारी. लग्न होऊन ती इकडं आली ती ट्रकमधून. दोन ढोल, एक पेटी, आणि तिच्याभोवती उभे राहून गाणारे झाकरोचे अकरा भाऊबंद. द्राक्षतोडीचे दिवस होते. आलाझानी नदीची सगळी दरी पिवळी-तांबडी झाली असणार, पलीकडं कॉकेशसवर पहिलं बर्फ असणार. असणार म्हणतो, कारण नानुलीनं त्यातलं काही पाहिलं नाही. तिनं पाहिल्या अकरा पाठी.

पुढं माहेरी जायची ती नवऱ्याच्याच गाडीनं. आता तुम्ही म्हणाल, मग काय, ड्रायव्हरची बायको, राणीसारखी पुढं बसत असेल. छे. जागा अठरा, आणि अठराही विकायच्या. एकोणिसाव्या माणसासाठी झाकरोनं एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलं होतं. ते दोन रांगांच्या मधल्या वाटेत मांडायचं. एकोणिसावं माणूस बहुतेक वेळा नानुली. आईच्या आजारपणाला गेली स्टुलावर, बापाच्या मातीला गेली स्टुलावर, मुलगा कडेवर असताना गेली तीही स्टुलावर. त्या स्टुलावरून खिडकी दिसत नाही. दिसतात लोकांचे गुडघे आणि पोती. ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, मला या रस्त्यावरची सगळी माणसं गुडघ्यांवरून ओळखता येतात. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मी तर ते दुकानात महिनाभर सांगत होतो.

मग नानुलीला अठ्ठावन्नावं लागलं आणि मुलाची नोकरी गेली. घरात सून, दोन नातवंडं. आमच्याकडं अशा वेळी घरातली बाई इटलीला जाते. मोजून बघा, आमच्या गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातली आई तिकडं कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला चमच्यानं भरवते आहे. नानुलीलाही बारी गावात एका आजीबाईंच्या घरी काम मिळालं. किती वर्षं, ते कुणी विचारत नाही. दोन वर्षं म्हणून गेलेल्या बाया बारा वर्षांनी आल्या आहेत, आणि काही आल्याच नाहीत. रविवारचं विमान ठरलं.

त्याच्या दहा दिवस आधी तिनं झाकरोकडं एक गोष्ट मागितली. छत्तीस वर्षांत पहिलीच असावी, कारण तो गोंधळून आधी माझ्याकडं दाढीला आला.

ती म्हणाली होती, मला जायच्या आधी एकदा दरी बघायची आहे. तू आणि मी. हळू जायचं, मला वाटेल तिथं थांबायचं. कुणाला घ्यायचं नाही, कुणाकडं उतरायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही फारसं.

“बोलायचं नाही म्हणजे काय?” मी विचारलं. मला ती मागणी जरा रोगट वाटली.

“म्हणजे बघायचं,” झाकरो म्हणाला. तोच नीट समजला नव्हता, पण तिनं मागितलं होतं म्हणून तो कामाला लागला होता.

आणि कामाला लागला म्हणजे कसा. राजधानीतले तिबिलिसीवाले आम्हा या दरीतल्या काखेतीवाल्यांना हट्टी म्हणतात, गाढवाशी तुलना करतात. त्यांचं काही मनावर घेऊ नका, पण झाकरोनं पुढच्या चार-पाच दिवसांत जे केलं ते बघून गाढवानंही टोपी काढली असती. नातवाची शाळेची वही घेऊन त्यानं तिच्यात सगळी दरी मांडली. नेहमीच्या रस्त्यानं जायचं नाही, उलटं जायचं. आधी अलावेर्दीच्या देवळावरून नदीपलीकडं, मग नापारेउली, शिल्दा, क्वारेली करत लागोदेखी. तिथून त्स्नोरी, वर सिघनाघी, आणि गुर्जानीवरून घरी. असं का, तर या दिशेनं दिवसभर दरी उजव्या हाताला राहते. उजव्या हाताला म्हणजे शेजारच्या खिडकीला. एकतीस वर्षं तो रस्ता तुडवणाऱ्या माणसाला हे पहिल्यांदा सुचलं होतं आणि तो मला वहीतली रेघ बोटानं पुनःपुन्हा गिरवून दाखवत होता.

मग गावांची यादी. सतरा गावं, आणि प्रत्येकापुढं धोका. इथं मावसभाऊ राहतो, फाटकातच बसलेला असतो, द्राक्षमळ्यामागच्या कच्च्या वाटेनं जायचं. इथं मुलाची धर्ममाता, ती दुपारी झोपते, दोन ते तीनमध्ये निघून जायचं. इथं कवळीवाली म्हातारी, तिला लांबचं दिसत नाही, पण हॉर्न ओळखते, हॉर्न वाजवायचा नाही. दिवस निवडला शुक्रवार, ऐन द्राक्षतोडीतला, कारण त्या दिवसांत माणसं घरी नसतात, मळ्यात वाकलेली असतात. भाच्याची पांढरी निवा गाडी मागून ठेवली, कारण स्वतःची गाडी कुत्रीसुद्धा ओळखतात. थांबे तीनच, नानुलीनं सांगितलेले. आलाझानीचा पूल, तिच्या माहेरच्या बंद घराचं फाटक, आणि सिघनाघीखालचं एक वळण, जिथून म्हणे सगळी दरी एकदम दिसते.

अशी चोरासारखी योजना मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तीही कशासाठी, तर जेवायला बसावं लागू नये म्हणून. आमच्याकडं माणसं जेवायला बसता यावं म्हणून योजना करतात. मी त्याला तसं म्हटलं. तो तोंडावर साबण असताना माझं मनगट धरून म्हणाला, “शिओ, तू हे ऐकलंयस, पण तू हे ऐकलेलं नाहीस. नानुलीची शपथ आहे तुला.”

“मी न्हावी आहे,” मी म्हणालो. “मला केसांपलीकडं काही दिसत नाही.”

हा त्यानंतरचा मंगळवार. बुधवारी दुपारपर्यंत मी ती शपथ पाळली.

बुधवारी दुपारी आला गायोझ. नापारेउलीचा, सहा फूट उंच, आवाज पिंपात बोलल्यासारखा. झाकरो आणि तो सैन्यात एकाच तंबूत झोपले होते. केस कापून घेताना त्यानं नेहमीचं रडगाणं काढलं. वीस वर्षं झाली, झाकरो माझ्या घरात आला नाही, नदीपलीकडं राहतो म्हणून मी काय मेलो. आता त्याची बायको देश सोडून चालली, तरी मला बाजारातल्या भाजीवालीकडून कळतं. मी काय परका आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला बघवत नाही. आता खोटं कशाला बोलू, तेवढंच कारण नव्हतं. ती योजना माझ्या तोंडात कालपासून होती आणि ती मला चावत होती. शिवाय मला ते खरोखरच बरं वाटेना. बाई परदेशी चालली आहे, वर्षानुवर्षं येणार नाही, आणि तिला कुणी चार शब्द बोलून निरोपसुद्धा द्यायचा नाही? मांजरासारखं गल्लीबोळांतून पळवायचं? मी म्हटलं, शुक्रवारी दहाच्या सुमाराला तुझ्या मळ्यामागच्या पॉपलरच्या वाटेवर नजर ठेव. पांढरी निवा. पण हे तू ऐकलेलं नाहीस.

तो माझ्या दोन्ही गालांचे मुके घेऊन, अर्धे केस कापायचे बाकी ठेवून गेला.

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवलं आणि सकाळीच नापारेउलीला पोचलो. मजा बघायची होती. गायोझनं काही कमी केलं नव्हतं. मळ्यामागची ती वाट अरुंद, एका बाजूला दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला म्हातारं अक्रोडाचं झाड. त्या दोघांच्या मधोमध, आडवी, चार मेजं जोडून मांडली होती. वर पांढरी चादर. गाडी मेजावरून उडवल्याशिवाय पुढं जाणं शक्य नव्हतं. द्राक्षं तोडायची सोडून पंचवीस-तीस माणसं जमलेली, हात अजून रसानं चिकट. द्राक्षाच्या काटक्यांवर मांस भाजत होतं, जमिनीत पुरलेल्या रांजणाचं तोंड उघडून मागच्या वर्षीची वाइन वर काढली होती. गायोझनं माझ्या हातात वाइन प्यायचं शिंग दिलं. मी ते भरून सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो, जणू नवरदेवच येणार होता.

दहा वाजून गेल्यावर निवा वळणावरून आली. अगदी हळू. काच खाली होती आणि नानुली कोपर बाहेर काढून बसली होती. डोक्याला निळा रुमाल. ती समोर बघतच नव्हती. ती उजवीकडं बघत होती, जिथं मळे उतरत उतरत नदीकडं गेले होते. तोंड थोडं उघडं. असं तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. मग आमच्यातल्या कुणीतरी आरोळी दिली, ढोल वाजला, आणि तिनं मान वळवून समोर पाहिलं.

झाकरोचा चेहरा मी सांगत नाही. नानुली मात्र लगेच हसली, एका गालात. उतरली, एकेकीला मिठी मारली, गायोझच्या आईचा हात हातात घेतला. तिला दुसरं काय येत होतं?

झाकरोनं प्रयत्न केला नाही असं नाही. म्हणाला, मी गाडी चालवतोय, मला सोडा, लांब जायचंय. गायोझ म्हणाला, गाडी बैल ओढतील, तू बस. मग एकच पेला म्हणून बसला. पण मेजाचा तमादा, म्हणजे कुणाच्या नावानं पेला उचलायचा ते ठरवणारा म्होरक्या, गायोझ स्वतः होता, आणि त्याच्या मेजावर एकच पेला ही वस्तू नसते. पहिला देवासाठी. दुसरा या वाटेनं आलेल्या पाहुण्यांसाठी. तिसरा गेलेल्या आईबापांसाठी. तो उभं राहून घेतात, आणि नाही म्हणणारा माणूस आईबापांना नाही म्हणतो. चौथा दूर जाणाऱ्यांसाठी. मग नानुलीसाठी, तिच्या हातांसाठी, तिच्या परतीच्या दिवसासाठी, तिथल्या आजीबाईंच्या तब्येतीसाठीसुद्धा. तिच्या नावानं सात वेळा पेले उचलले गेले. इतकं सुंदर बोलले लोक की मीही माझं शिंग पुन्हा भरून घेतलं. त्या दिवशी सकाळी ती कुठं निघाली होती, ते मात्र एकानंही विचारलं नाही.

मी भाजलेलं मांस ताटलीत घेऊन तिला शोधत गेलो तेव्हा दोन वाजले असतील. ती मेजावर नव्हती. पावाच्या भट्टीजवळ बायकांची गर्दी होती, भोवती उभ्या राहून बडबडत होत्या, आणि त्यांच्यामधे कुणीतरी तिला आदरानं बसायला दिलं होतं. बुटकं स्टूल. मांडीवर हिरव्या पाल्याची टोपली, पाला निवडत होती. जिथं बाई जाते तिथं कुणीतरी तिच्या मांडीवर पाला आणून ठेवतंच.

मी म्हटलं, “नानुली, जेव की. सगळं तुझ्यासाठीच आहे.”

तिनं वर पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला आज बरं वाटलं असतं.

“शिओभाऊ,” ती म्हणाली, “इथूनही गुडघेच दिसतात हो.”

मी ताटली तिच्याजवळ ठेवली आणि परत येऊन मोठ्यानं गाऊ लागलो.

तीन वाजता शिल्द्याची माणसं आली. त्यांनाही कळलं होतं. झाकरो आमच्याकडं येणार म्हणून सकाळपासून मेज मांडून बसलोय आणि तुम्ही त्याला इथं अडकवून ठेवलाय, म्हणून त्यांनी गायोझशी भांडण काढलं. मग समेटाचे पेले झाले. मग सगळेच शिल्द्याला गेले. मी एकालाच सांगितलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. वहीतल्या सतरा गावांपैकी दोन झाली तेव्हा सूर्य मावळत होता, आणि झाकरोला उभं राहता येत नव्हतं. निवा गायोझच्या अंगणात राहिली. त्यांना घरी पोचवायला एक ट्रक निघाला. मागे ढोल, पेटी, आणि गाणारे दहा-बारा पुरुष. मधे नानुली. लग्नात आली तशीच परत आली.

शनिवारी तिनं सामान बांधलं. रविवारी गेली.

झाकरो चाळीस दिवस माझ्याकडं आला नाही. आमच्यात कुणी गेलं की पुरुष दाढी ठेवतात, त्यामुळं बसमधल्या बाया त्याला विचारायच्या, कोण गेलं हो काका? तो म्हणायचा, बायको. बाया हळहळायच्या, डोळे पुसायच्या. मग तो म्हणायचा, इटलीला. त्यावर त्याला चांगल्याच शिव्या खाव्या लागल्या. चाळीस दिवसांनी तो आला, खुर्चीत बसला, आणि म्हणाला, काढ. मी काढली. कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच आठवड्यापासून ती पुढची जागा बंद झाली.

आणि मी, ज्याच्या तोंडात भिजलेला वाटाणा राहत नाही, तो सहा वर्षं गप्प राहिलो. लोक माझ्याच खुर्चीत बसून त्स्नोरीच्या बाईच्या गोष्टी सांगायचे आणि मी खोडून काढत नव्हतो. खोडायचं म्हणजे खरं सांगावं लागलं असतं. शेवटी एका हिवाळ्यात, त्याच्या गालावर साबण लावून झाल्यावर, मी वस्तरा खाली ठेवला. हातात वस्तरा घेऊन ती गोष्ट सांगणं मला बरं वाटलं नाही.

“झाकरो, गायोझला मी सांगितलं होतं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तू शिंग घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा होतास, शिओ. मग काय, द्राक्षं तोडायला आला होतास?”

मी काहीतरी बोलू लागलो. चांगल्या मनानं केलं, निरोप द्यावा म्हणून केलं, असलं काहीतरी. त्यानं हात वर केला. साबण वाळत चालला होता.

“तुझं एका दिवसाचं आहे,” तो म्हणाला. “ती जागा माझ्या उजव्या हाताला होती. तिचं दार मीच उघडायचो, मीच लावायचो. मी तिथं कोणाकोणाला बसवलं माहीत आहे? एकदा एक टर्की कोंबडा बसवला होता. मागे गरमीनं मरेल म्हणून मालकीण रडत होती. त्या दिवशी नानुली स्टुलावर होती. मी आरशात बघून तिला म्हटलंसुद्धा, ठीक आहेस ना. ती ठीक आहे म्हणाली.”

मग त्यानं गालावरचा वाळलेला साबण बोटानं खरवडला आणि म्हणाला, “वस्तरा चालव. साडेअकराची फेरी आहे.”

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, नानुली आली. सात वर्षांनी, सतरा दिवसांसाठी. बारीच्या पहिल्या आजीबाई वारल्या होत्या, दुसऱ्यांकडं रुजू व्हायच्या आधीची रजा. केस पांढरे, आणि बोलताना मधेच एखादा इटालियन शब्द, तो आला की स्वतःच दचकायची. या वेळी झाकरोनं योजना केली नाही. वही काढली नाही. मलाही काही सांगितलं नाही, हे त्याचं शहाणपण. एका मंगळवारी त्यानं आठची फेरी रद्द केली, गाडीचं दार उघडलं, आणि तिला शेजारी बसवलं. मागे सतरा जागा रिकाम्या. पुढचं सगळं मला त्यानं नंतर सांगितलं, दाढी करताना, तुकड्यातुकड्यानं.

अलावेर्दीला पोचायच्या आतच धुकं आलं. आमच्याकडं हिवाळ्यात ते असं येतं की दरीत दूध ओतावं. देवळाचा कळस दिसला नाही. पुलावर ती उतरली, कठड्याशी उभी राहिली, खालून नदीचा आवाज आला, नदी दिसली नाही. नापारेउलीच्या वाटेवर कुणी नव्हतं. सगळ्या गावांतून धुराचा वास आला, माणूस एकही नाही. जी शांतता तिनं मागितली होती ती पुरेपूर मिळाली. माहेरच्या फाटकाला हात लावता आला, मागचं घर दिसलं नाही. सिघनाघीखालच्या त्या वळणावर झाकरोनं गाडी उभी केली आणि दोघं अर्धा तास पांढऱ्या काचेकडं बघत बसली. तिनं बाहीनं काच पुसली. धुकं बाहेर होतं, पण ती पुसत राहिली.

झाकरो म्हणाला, थांबू या, विरळ होईल. ती म्हणाली, नको, चल. मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, तूच सांग की काय दिसतं इथून. तुला तर पाठ आहे.

आता गुर्जानीकडचा रस्ता म्हणजे झाकरोचा स्वतःचा. तो सांगायला लागला. इथं मोठा खड्डा आहे, डावीकडून घ्यावा लागतो. इथं दारोची सासू उतरते, उतरताना दार आपटते. इथं एक शिक्षक चढतो, रोज सुटे पैसे नाहीत म्हणतो. या वळणावर ती कवळीवाली म्हातारी उभी राहायची, वारली. नानुली ऐकत होती. मग तिनं विचारलं, “आणि दरी?”

झाकरो मला म्हणाला, शिओ, मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. अडतीस वर्षं. मला खड्डे माहीत होते, माणसं माहीत होती, कुणाचा गुडघा दुखतो ते माहीत होतं. खिडकीबाहेर मी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, दरी असेल की तिथंच. आणि ती हसायला लागली. एवढी हसली की तिला खोकला आला, मी घाबरून गाडी थांबवली. मग हसता हसताच ती रडायला लागली, आणि पुन्हा काच पुसत बसली, तेलावी येईपर्यंत.

ती परत गेली. सध्याच्या आजीबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि ठणठणीत आहेत. पुढच्या द्राक्षतोडीला नक्की येते, असं नानुली दर रविवारी फोनवर सांगते. दोन द्राक्षतोडी होऊन गेल्या.

आठची गाडी हल्ली उशिरा पोचते. लोक तक्रार करतात की झाकरोकाका म्हातारा झाला, वळणांवर उगाच हळू करतो, कधी रिकाम्या रस्त्यात गाडी उभीच करतो. पुढची जागा तशीच रिकामी असते. माझ्या खुर्चीत बसला की पूर्वी तो मला खऱ्या बातम्या द्यायचा, कोण पळालं, कोण भांडलं. आता म्हणतो, क्वारेलीकडच्या डोंगरावरचं बर्फ निम्म्यापर्यंत उतरलं. सिघनाघीखाली पॉपलर आधी शेंड्याला पिवळे होतात, बुंध्याला नाही. नदी सकाळी करडी असते, दुपारी नसते. रविवारी तिला सांगायचं असतं, त्याची तो माझ्यावर तालीम करतो, आणि एखादा शब्द अडला की मला विचारतो, याला काय म्हणायचं रे.

असल्या बातम्यांचं मी काय करणार? त्या ऐकायला माझ्या दुकानात कुणी थांबत नाही. मी साबण लावतो आणि गप्प ऐकतो. कधी कधी तो सांगता सांगता थांबतो, आरशातून माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत राहतो. तिथं काही नाही, एक जुनं कॅलेंडर आहे. मी वस्तरा तसाच हातात धरून उभा राहतो.